लांबचे पक्षी-प्राणी काढायला लेन्स घेताय? मग दुकानात जाण्याआधी हे गणित करून बघा

थंडी पडायला लागली की नाशकातल्या फोटोवाल्यांमध्ये एक प्रश्न हमखास फिरतो, "नांदूरमधमेश्वरच्या अभयारण्यात जायचंय, लांबच्या बदकांसाठी कुठली लेन्स घेऊ?" आणि उत्तरही ठरलेलंच, "सहाशे घे, डोळे झाकून." आता सहाशे, म्हणजे ६०० एमएमची लांबचं मोठं करून दाखवणारी लेन्स, वाईट नाहीच, मी स्वतः तीच वापरतो, पण डोळे झाकून लाख-दीड लाख घालवण्याआधी पाच मिनिटं कागद-पेन घेऊन बसा, कारण खूप लांबच्या पाखराच्या बाबतीत लेन्स काय करू शकते आणि काय नाही हे आधीच कळलं तर निम्मे पैसे वाचतात आणि निम्मी चिडचिड पण.

गणित असं. लेन्सचे एमएम गुणिले पक्ष्याची लांबी मीटरमध्ये, भागिले अंतर मीटरमध्ये. जे उत्तर येईल तेवढे मिलिमीटर तो पक्षी तुमच्या सेन्सरवर, म्हणजे कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या पट्टीवर, पडणार. थापट्या बदक साधारण अर्धा मीटर धरा, १०० मीटरवर बसलंय, लेन्स ६००. म्हणजे ६०० गुणिले ०.५ भागिले १००, आले ३ मिलिमीटर. मोठा, म्हणजे फुल फ्रेम सेन्सर ३६ मिलिमीटर रुंद असतो, म्हणजे फ्रेमचा बारावा हिस्सा. २४ मेगापिक्सेलची बॉडी (नुसता कॅमेरा) असेल तर ६००० पिक्सेलपैकी फक्त ५००. आणि हे सहाशेने बरं का! ४०० ने तेच बदक ३३० पिक्सेल, ३०० ने २५० फक्त. अंतर २०० मीटर झालं की हे सगळं परत निम्मं.

माझा हिशोब असा आहे की पिसं वेगवेगळी दिसायला, डोळ्यात चमक यायला पक्षी निदान हजारेक पिक्सेल लांब हवा. तेवढा मिळाला तर तो पक्ष्याचा फोटो, तीन-चारशेत ओळख पटवण्यापुरता पुरावा, आणि त्याच्या खाली आला तर तो तळ्याचा फोटो आहे ज्यात पक्षी पण आहे. तळ्याचा फोटो काढणं काही कमीपणाचं नाही, त्यावर पुढे बोलतो.

आता कोणीतरी म्हणणार की माझी क्रॉप बॉडी, म्हणजे लहान सेन्सरवाली, आहे, मला ४०० चे ६०० मिळतात. मिळत काही नाही हो, लेन्स ४०० चीच राहते, फक्त बाजूचं कापलं जातं. खरा फायदा असतो तो पिक्सेल दाटीवाटीने बसवल्याचा. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप बॉडीवर तेच ३ मिलिमीटरचं बदक ५०० ऐवजी साडेसातशे पिक्सेलच्या वर जातं, हा फायदा खरा. पण ४५ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम असेल तर तो कापून पण २० मेगापिक्सेल उरतात, म्हणजे क्रॉप बॉडी खिशातच आहे असं समजा. त्यामुळे जुनी २४ ची फुल फ्रेम असलेल्याने आणखी महागड्या लेन्सच्या मागे लागण्याऐवजी एखादी चांगली क्रॉप बॉडी सेकंडहँड घेतली तर कमी पैशात जास्त जवळ जाता येतं, पण हे दुकानदार सांगत नाही.

मग ते ३००० एमएमवाले सुपरझूम कॅमेरे, निकॉनचा पी१००० वगैरे, चंद्रावरचे खड्डे दाखवणारे? त्यात खरी लेन्स ५३९ एमएमची आहे, सेन्सर नखाएवढा म्हणून ३००० म्हणतात. शेवटच्या टोकाला अपर्चर एफ/८, म्हणजे उजेड आत येणारं भोक ५३९ भागिले ८, साधारण ६७ मिलिमीटर, आणि १५०-६०० च्या लेन्सचं ९५ मिलिमीटर. बारीक तपशील पकडायची ताकद शेवटी त्या भोकाच्या रुंदीवर येऊन थांबते, नुसतं मोठं करून नवीन काही दिसत नाही. भर उन्हात बसलेल्या पक्ष्याला ठीक, निरीक्षणाची आवड असेल तर मजा पण येते, पण पहाटेच्या उजेडात किंवा उडत्या पक्ष्याला त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नका.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याबद्दल लेन्सच्या खोक्यावर कोणी लिहीत नाही. हवा. तुमच्या आणि त्या बदकाच्या मध्ये दीडशे मीटर हवा आहे, आणि ऊन चढलं की ती हवा तापल्या तव्यावरच्यासारखी हलते. नांदूरमधमेश्वर म्हणजे गोदावरी-कादवाच्या संगमावरचा बंधारा, मागे उथळ पाणी, गाळ, गवत, महाराष्ट्रातली पहिली रामसर जागा (पाणथळ जागांच्या जागतिक करारात नोंदलेली) म्हणून २०२० साली जाहीर झाली ती. उथळ पाणी आणि उघडा गाळ भराभर तापतो, त्यामुळे साडेनऊ-दहानंतर लांबच्या फोटोत पक्ष्याच्या कडा उकळल्यासारख्या दिसतात. फोकस बरोबर, शटर १/२०००, तरी फोटो मऊच. मग माणूस म्हणतो लेन्स खराब निघाली, फोकस कॅलिब्रेट करा, सर्व्हिसला टाका. लेन्सचा काही दोष नसतो. आणि गंमत म्हणजे लेन्स जितकी मोठी तितकं हे थरथरणं पण मोठं होऊन दिसतं, म्हणून १२ लाखांच्या लेन्सने पण दुपारी १२ वाजता २०० मीटरवरची पिसं येत नाहीत.

कळायचं कसं? व्ह्यूफाइंडर किंवा स्क्रीनवर पूर्ण झूम करून एखाद्या स्थिर काठीच्या किंवा दगडाच्या कडेकडे दहा सेकंद बघा. कड नाचत असेल तर लांबचं सोडून द्या आणि जवळचं बघा. निफाडचा पारा पाच-सहावर गेलेली कडाक्याची सकाळ असेल तर वेगळाच त्रास, पाणी हवेपेक्षा गरम असतं, पाण्यावरून वाफ उठते, त्यामुळे अगदी पहाटे पण लांबचं धूसर येतं, वातावरण भारी दिसतं ते वेगळं. ढगाळ दिवस मिळाला तर सोडू नका, लोक म्हणतात उजेड नाही, पण लांबच्यासाठी त्याच्याइतकी शांत हवा नाही. अजून एक, गाडीत हीटर लावून बसला असाल आणि लेन्स तशीच गरम बाहेर काढली तर हुडच्या, म्हणजे लेन्सच्या पुढच्या नळीच्या, आतच हवा हलत राहते, दहा-पंधरा मिनिटं लेन्सला बाहेरच्या थंडीत मुरू द्या. गाडीतून काढत असाल तर इंजिन, एसी, हीटर सगळं बंद आणि काच पूर्ण खाली. तापलेल्या बॉनेटच्या वरून तर अजिबात नको.

म्हणून माझं म्हणणं असं की लेन्स निवडताना ती दोनशे मीटरवरचं बदक आणेल म्हणून घेऊ नका, आणणारच नाही. तीस ते साठ-सत्तर मीटरच्या टप्प्यात ती काय देते ते बघा, कारण फोटो तिथेच होतात.

आता कुठे जाणार त्यावर ठरवा. नांदूरला बहुतेक वेळ काठावर नाहीतर पक्षी बघायच्या टॉवरवर उभं राहायचं, फार चालायचं नाही, पक्षी लहान आणि लांब. इथे ६०० पर्यंत जाणारा झूम सगळ्यात कामाचा. टॅमरॉन १५०-६०० जी२ किंवा सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, दोन्ही दोन किलोच्या आसपास, डीएसएलआरवाल्यांना (आत आरसा असलेले कॅमेरे) सेकंडहँडमध्ये सहज मिळतात. निकॉनची जुनी २००-५०० पण उत्तम, पूर्ण झूममध्ये एफ/५.६ राहते. मिररलेसमध्ये (बिनआरशाचे कॅमेरे) सोनीची २००-६०० आणि निकॉन झेडची १८०-६००, यांचा झूम आतल्या आत होतो, नळी बाहेर येत नाही, त्यामुळे तोल जात नाही आणि आपल्याकडच्या रस्त्यांची धूळ पण कमी ओढली जाते. कॅननवाल्यांना २००-८०० आहे पण ८०० ला एफ/९, उजेड हवाच. स्वस्तात कॅननची ६०० एफ/११ आहे, एक किलोपेक्षा कमी, पण अपर्चर तेवढं एकच, आणि १५०-६०० च्या एफ/६.३ पेक्षा तिसरा हिस्सा उजेड. सकाळी नऊला छान, सातला रडवते.

अंजनेरीला गिधाडं काढायची असतील तर सगळंच उलटं. चढायचं आहे, मान वर करून हातात धरून काढायचंय, आणि पक्षी अवाढव्य, पंख पसरले की दोन मीटरच्या वर. १५० मीटरवर ४०० ने पण तो सेन्सरवर पाच-सहा मिलिमीटर येतो, म्हणजे नांदूरच्या बदकापेक्षा मोठा. तिथे १००-४०० किंवा कॅननची १००-५०० पुरते, दोन किलोचं धूड वर नेऊन हात थरथरण्यात अर्थ नाही. शिवाय तिरकं वर बघत असल्यामुळे जमिनीजवळची तापलेली हवा फारशी मध्ये येत नाही. घरट्यांच्या कड्याजवळ मात्र जाऊ नका, त्यासाठीच तर लेन्स घेतली.

येवल्याच्या ममदापूरला काळवीटं, तिथे सपाट माळ, नजर जमिनीला घासून जाते त्यामुळे थरथर सगळ्यात वाईट, सूर्य उगवल्यावरचा तास-दीड तास काय तो तुमचा. गाडीतून काढायचं म्हणजे वजनाची चिंता नाही. खिडकीवर बीनबॅग टाका, घरीच जुन्या जीन्सच्या पायाची शिवा आणि तांदूळ भरा, महागड्या ट्रायपॉडपेक्षा जास्त चालते.

लग्नाच्या ऑर्डरी करणाऱ्यांकडे ७०-२०० एफ/२.८ असतेच, ते विचारतात याला कन्व्हर्टर (लेन्स आणि बॉडीच्या मध्ये लावायचा, एमएम वाढवणारा तुकडा) लावू का. २एक्स लावला तर ४०० एफ/५.६ होते, वर्षातून दोनदा जायचं असेल तर चालवून घ्या, थोडी मऊ येते पण नवीन लेन्सचे पैसे वाचले. मात्र १५०-६०० ला १.४एक्स लावायच्या भानगडीत पडू नका, ८४० एफ/९ होते, बऱ्याच डीएसएलआरचा ऑटोफोकस तिथे हात टेकतो आणि वाढलेल्या एमएममध्ये तपशील काही वाढत नाही.

सेकंडहँड घेताना मोबाईलचा टॉर्च एका बाजूने मारून दुसऱ्या बाजूने बघा, जाळ्यासारखे धागे दिसले तर बुरशी, नमस्कार करून निघा. लेन्सखालचा, ट्रायपॉडवर बसवायचा पाय ढिला नाही ना, झूम लॉक लागतो ना ते बघा. चाचणी सकाळी लवकर, वीसेक मीटरवरच्या पाटीवर घ्या, ६०० ला पूर्ण उघड्या अपर्चरवर एक आणि एफ/८ वर एक. दोन्हीत थोडा फरक असणारच, पण उघड्यावर अक्षरंच विरघळत असतील तर नको. लांबच्या इमारतीवर दुपारी चाचणी घेऊन लेन्सला शिव्या घालू नका, का ते वर सांगितलंच.

आणि ते दोनशे मीटरवरचे फ्लेमिंगो? तिथे पक्ष्याचा फोटो विसरून जागेचा काढा. ३०० वर या, रांग येऊ द्या, मागचं गवत, बंधाऱ्याची भिंत, मध्येच भोवत्या हा शिकारी पक्षी आला आणि सगळी बदकं उठली तर ते. त्याला शेजाऱ्याच्या कपाटात धूळ खात पडलेली ७०-३०० पण पुरते. पिसाचा रंग, चोचीचा आकार नीट बघायचाच असेल तर तिथल्या गाइड पोरांकडे स्कोप, म्हणजे एका डोळ्याची मोठी दुर्बीण, असतो, त्यातून बघा, डोळ्याला जे दिसतं ते कॅमेऱ्यापेक्षा कितीतरी जास्त असतं.

घ्यायच्या आधी जमलं तर शनिवार-रविवार भाड्याने आणून बघा, आणि टॉवरवर वापरणार असाल तर लोक चढत-उतरत असताना शटर दाबू नका, फळ्या हलतात.