शेकडा दोन आणि बारा टक्के

आर्थिक साक्षरतेच्या कामात नव्याने येणाऱ्यांच्या पिशवीत बहुधा 'बचतीचे महत्त्व' सांगणारी चित्रं असतात. एमएसडब्ल्यू झालेले असोत की बीकॉम, सुरुवात तिथूनच. माझं ऐका, ती चित्रं ऑफिसातच ठेवा. बचत गटाची महिन्याची शंभर-दोनशेची बचत बायका सहसा चुकवत नाहीत, शिवाय भिशी वेगळी आणि डब्यातले पैसे वेगळे. त्यांची अडचण कर्जाशी आहे. गट, सावकार, फायनान्सवाला, जो तो व्याज आपापल्या पद्धतीने सांगतो. मग कुठलं महाग, ते कळणार कसं?

एक हिशेब तोंडपाठ करून जा. वर्षभरासाठी 30,000 रुपये हवेत. गटाचा दर महिन्याला शेकडा दोन, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के. फायनान्सवाला सांगतो, "फक्त बारा टक्के, ताई." बाई म्हणते, गटापेक्षा निम्म्यात पडलं. आता वही उघडायची. गटात दरमहा 2,500 मुद्दल फिटते आणि व्याज उरलेल्या रकमेवरच लागतं: पहिल्या महिन्याला 600, शेवटच्याला 50, वर्षाचं मिळून 3,900. फायनान्सवाल्याचे बारा टक्के फ्लॅट असतात, मूळ 30,000 वरच वर्षभर चालू. व्याज 3,600, हप्ता 2,800. निम्मं राहिलं बाजूला, फरक उरला तीनशे रुपयांचा. त्यात फाइल चार्ज आणि विमा धरला की पारडं बहुतेक वेळा उलटं फिरतं. फ्लॅट बारा म्हणजे घटत्या शिलकीवर जवळपास साडेएकवीस टक्के. शिवाय गटाचं व्याज गटाच्याच निधीत राहतं.

हा हिशेब तुम्ही फळ्यावर करून दाखवू नका, त्यांच्याकडून करून घ्या. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्याच्या ओळीला कोणीतरी म्हणतंच, "अगं, म्हणजे फेडलेल्या पैशावरपण व्याज?" इथे भाषण ठोकायचा मोह होतो. गप्प बसा. पुढचं त्या आपसात जास्त चांगलं बोलतात. 1 ऑक्टोबर 2024 पासून किरकोळ कर्जाच्या आधी माहितीपत्रक देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलंय आणि त्यात सगळे आकार धरून वार्षिक दर लिहिलेला असतो. तो कागद मागायची सवय लागली तरी तुमचं निम्मं काम झालं.

दुसरं काम पासबुकाचं. ते भरून आणायला सांगा आणि दोन आकडे शोधा: 20 आणि 436. वर्षाला कापले जाणारे हे हप्ते: वीस रुपये प्रधानमंत्री सुरक्षा विम्याचे, म्हणजे अपघाताचे, 436 जीवनज्योतीचे, म्हणजे आयुर्विम्याचे. दोन्हींत दोन लाखांचं संरक्षण असतं. "हे कशाचे कापले?" असं विचारणाऱ्या पुष्कळ भेटतील, कारण फॉर्मवर सही कधीतरी खातं उघडताना झालेली असते. घरात कोणी मयत झालं असेल तर सांत्वनाला जाल तेव्हा, अवघड वाटलं तरी, त्या माणसाचं पासबुक बघायला मागा. दावा करायचा असतो हेच घरच्यांना ठाऊक नसतं. वारसाचं नाव लागलेलं आहे का, तेही तेव्हाच बघून घ्या.

पतसंस्थेत जास्त व्याज मिळतं म्हणून पैसे ठेवणाऱ्यांना एवढं जरूर सांगा: पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं कवच बँकेतल्या ठेवींना आहे, पतसंस्थेतल्या नाही. पण अमुक पतसंस्था चांगली, तमुक बुडणार, असं तोंडातून काढू नका. पॉलिसीही विकू नका. एकदा कमिशन घेतलंत की गावात तुम्ही एजंट.

बीडसारख्या जिल्ह्यात काम मिळालं तर वर्षाचं नियोजन ऊसतोडीच्या हिशेबाने करा. मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेऊन जोडपी दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांवर निघतात, ती थेट उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. उचलीचा हिशेब लिहायला वही द्यायची ती जायच्या आधी. डिसेंबरात बैठक ठेवलीत तर म्हाताऱ्या आणि पोरंच भेटतील.

नोकरी शोधायची तर रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये सुरू केलेली आर्थिक साक्षरता केंद्रं बघा. ती बँकांच्या मदतीने स्वयंसेवी संस्था चालवतात. 'उमेद' (राज्याचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) आणि माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, यांचं बचत गटांचं जाळंही आहेच. पगार बेताचा, फिरती भरपूर, दुचाकी येणं जवळपास सक्तीचं. मुलाखतीत दोन गोष्टी विचाराच: पेट्रोलचे पैसे वेगळे मिळतात का, आणि काम मोजताना किती शिबिरं घेतली ते बघतात की त्याच घरी पुन्हा गेलेलंही धरतात. दुसऱ्या प्रश्नावर समोरचा गडबडला, तर वर्षभर हजेरीपत्रकावर सह्या गोळा करायची तयारी ठेवा.