एक्झी आणि डीएलएलमध्ये मेमरी, फॉर्म वाटून घेताय? या चुका टाळा

लातूर, उदगीर, नांदेड, जालना इथल्या मोंढ्यांसाठी डेल्फी या प्रोग्रामिंग साधनात सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांसाठी आणि जुनं सांभाळणाऱ्यांसाठी हा लेख आहे. अशा सॉफ्टवेअरची मांडणी साधारण ठरलेली असते. मुख्य एक्झी, म्हणजे चालवायची प्रोग्राम फाइल, शेतकऱ्याची हिशोबपट्टी बनवते, वजनकाट्याशी बोलणारा कोड एका डीएलएलमध्ये (एक्झी चालताना जोडून घेते ती कोडची वेगळी फाइल) असतो आणि रिपोर्टचे किंवा सेटिंगचे फॉर्म, म्हणजे स्क्रीनवरच्या खिडक्या, दुसऱ्या डीएलएलमध्ये. ऑफिसातल्या मशीनवर सगळं नीट चालतं. सोयाबीनची आवक सुरू होते, एक्झी दिवसभर उघडी राहते आणि मग ‘इनव्हॅलिड पॉइंटर ऑपरेशन’, ‘ॲक्सेस व्हायोलेशन’ यायला लागतात, तेही दर वेळी वेगळ्याच ठिकाणी.

एक्झी आणि डीएलएल यांनी एक तर सगळं रनटाइम (प्रोग्राम चालताना लागणारा डेल्फीचा मूळ कोड) सामाईक वापरावं, नाहीतर साध्या डेटापलीकडे काहीच वाटून घेऊ नये. अर्धवट वाटणी केली की घोळ ठरलेला.

स्ट्रिंग थेट देणं

रनटाइम पॅकेज (हा मूळ कोड ज्यात असतो त्या सामाईक फाइली) न वापरता कंपाइल केलेली प्रत्येक एक्झी आणि प्रत्येक डीएलएल स्वतःचा मेमरी मॅनेजर, म्हणजे मेमरीत जागा देणारा आणि परत घेणारा कोड, घेऊन येते. डीएलएलने स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, बनवली, ती एक्झीने घेतली आणि काम संपल्यावर एक्झीच्या मॅनेजरने ती जागा मोकळी करायला घेतली. ती जागा त्याने दिलेलीच नव्हती. कधी लगेच एरर येते. कधी मेमरी गुपचूप बिघडते आणि तासाभराने भलत्याच फॉर्मवर प्रोग्राम पडतो. अशा वेळी त्या फॉर्मचा कोड तपासत बसण्यात दिवस जातो आणि हाती काही लागत नाही.

नवीन डीएलएल प्रोजेक्ट उघडला की डेल्फी स्वतःच वरती एक लांब कॉमेंट टाकतं. ती पुसण्याआधी नीट वाचा. स्ट्रिंग इकडून तिकडे जाणार असेल तर ‘शेअरमेम’ हे दोघांना एकच मेमरी मॅनेजर देणारं युनिट (कोडची फाइल) प्रोजेक्ट फाइलच्या यूजेस यादीत पहिलं हवं, असं ती सांगते. पहिलं म्हणजे पहिलंच. आधीच्या एखाद्या युनिटने जुन्या मॅनेजरकडून मेमरी घेतली असेल तर पुढे हिशोब जुळत नाही. आणि ते एक्झीत हवं, तसंच डीएलएलमध्येही हवं. सोबत BORLNDMM.DLL ही फाइल क्लायंटच्या मशीनवर द्यावी लागते. डेल्फी २००६ पासून पिएर ल रिश यांचा फास्टएमएम हाच आतला मेमरी मॅनेजर झाला, आणि ‘सिंपलशेअरमेम’ हे युनिट आलं. ते वापरलं तर वेगळी फाइल द्यावी लागत नाही.

शेअरमेममुळे दोन वेगवेगळ्या एक्झींमध्ये मात्र काहीही वाटलं जात नाही. काट्याची एक्झी आणि बिलिंगची एक्झी एकच डीएलएल वापरत असल्या तरी ३२-बिट विंडोजपासून डीएलएलमधल्या ग्लोबल व्हेरिएबलची प्रत्येक प्रोसेसला वेगळी प्रत मिळते. एका एक्झीने ठेवलेलं वजन दुसरीला दिसणार नाही. त्यासाठी ‘क्रिएटफाइलमॅपिंग’ने मेमरी मॅप करा आणि म्युटेक्सने, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणाऱ्या कुलपाने, राखा.

काट्याच्या डीएलएलमध्ये मी शेअरमेम घालणारच नाही. वजन ही संख्या आहे, ती संख्या म्हणूनच द्यावी: ग्रॅममध्ये, ६४-बिट पूर्णांक. मजकूर द्यायचाच असेल तर एक्झीने बफर आणि त्याची लांबी द्यावी, डीएलएलने त्यात भरावं. ज्याने जागा घेतली त्यानेच ती सोडायची. ‘वाइडस्ट्रिंग’ही चालतं, कारण तिची मेमरी विंडोजचं ओएलई रनटाइम देतं, दोघांपैकी कुणाचाच मॅनेजर नाही.

पीचार दोन्हीकडे एकच आहे असं समजणं

एक्झी डेल्फी ७ ची आणि काट्याची डीएलएल नव्या डेल्फीत बनलेली, ही जोडी फार धोक्याची. डेल्फी २००९ मध्ये स्ट्रिंग युनिकोड झाली आणि पीचार, म्हणजे मजकुराचा पत्ता सांगणारा पॉइंटर, दोन बाइटच्या अक्षरांकडे बोट दाखवू लागला. नव्या डीएलएलने ‘१२५०’ हे वजन इंग्रजी अंकांत पाठवलं तर पहिल्या अंकाच्या बाइटमागे लगेच शून्य बाइट येतो. शून्य बाइट म्हणजे मजकूर संपला, म्हणून जुनी एक्झी तिथेच थांबते. पट्टीवर साडेबारा क्विंटलच्या जागी एक किलो येतो, आणि एररही येत नाही! शेतकऱ्याचं नाव देवनागरीत पाठवलं तर वेगळाच प्रकार होतो. ‘र’ हे अक्षर युनिकोडमध्ये ०९३० वर आहे, म्हणून जुन्या एक्झीला तिथे शून्याचा अंक आणि एक टॅब दिसतो. उलट बाजूने, जुन्या डीएलएलचा मजकूर नव्या एक्झीत चिनी-जपानी चिन्हांसारखा उमटतो.

डिक्लरेशनमध्ये नुसतं पीचार लिहू नका. पीअँसीचार किंवा पीवाइडचार असं स्पष्ट लिहा, दोन्हीकडे तेच. शेअरमेमने हा प्रश्न सुटत नाही, कारण २००९ मध्ये स्ट्रिंगची आतली रचनाच बदलली. ‘एसटीडीकॉल’ ही फंक्शनला पॅरामीटर देण्याची पद्धतही दोन्हीकडे लिहा, डेल्फीची मूळ पद्धत ‘रजिस्टर’ आहे आणि ३२-बिटमध्ये एक बाजू चुकली की स्टॅक बिघडतो. रेकॉर्ड ‘पॅक्ड’, म्हणजे मध्ये रिकामे बाइट न सोडता, ठेवा.

फॉर्म डीएलएलमध्ये टाकणं

‘कॅनॉट असाइन अ टीफॉन्ट टू अ टीफॉन्ट.’ ही एरर पहिल्यांदा पाहणारा चक्रावतो. कारण असं की व्हीसीएलची (डेल्फीच्या फॉर्म-बटणांच्या लायब्ररीची) एक प्रत एक्झीत असते आणि दुसरी डीएलएलमध्ये. डेल्फी क्लास ओळखतं ते नावावरून नाही, त्याच्या मेमरीतल्या पत्त्यावरून. म्हणून एक्झीचा टीफॉन्ट आणि डीएलएलचा टीफॉन्ट हे दोन वेगळे क्लास ठरतात. क्लास तपासणारे ‘इज’ आणि ‘ॲज’ दोन्ही नकार देतात. डेटाबेसचं टीएडीओकनेक्शन डीएलएलला दिलं तरी तेच होतं. तिथे कॉम्पोनंट न देता त्याचं ‘कनेक्शनऑब्जेक्ट’ द्या. तो विंडोजच्या कॉम पद्धतीचा इंटरफेस आहे, त्याला ही अडचण येत नाही.

‘ॲप्लिकेशन’ आणि ‘स्क्रीन’ यांच्याही दोन प्रती होतात. टास्कबारवर दुसरं बटण दिसतं, फॉर्म मागे लपतो. ‘शोमोडल’ने उघडलेला फॉर्म ठीक चालतो, पण ‘शो’ने उघडला की टॅबने पुढच्या खान्यात जाता येत नाही, कारण संदेशांचं चक्र एक्झीचं चालू असतं आणि त्याला डीएलएलचे कंट्रोल ओळखता येत नाहीत. मुनीमजी माऊसला हात न लावता दिवसभर नोंदी करतात, त्यांच्यासाठी हा बिघाड क्रॅशइतकाच वाईट. डीएलएलमध्ये ‘ॲप्लिकेशन.हँडल’ला एक्झीचं हँडल देऊन आणि डीएलएल सोडण्याआधी ते परत शून्य करून टास्कबारचा त्रास मिटतो. टॅबचा नाही.

फॉर्म बाहेर ठेवायचेच असतील तर बीपीएल, म्हणजे रनटाइम पॅकेज, हाच मार्ग धरा. एक्झी आणि मॉड्यूल दोन्ही रनटाइम पॅकेजसह कंपाइल केले की आरटीएल (डेल्फीचं रनटाइम) आणि व्हीसीएल एकदाच लोड होतात, मेमरी मॅनेजरही एकच राहतो, शेअरमेम लागत नाही. किंमत अशी की सगळं एकाच डेल्फी आवृत्तीत बांधावं लागतं. सामाईक युनिट एका स्वतंत्र पॅकेजात ठेवा. तेच युनिट दोन पॅकेजांत गेलं तर दुसरं लोडच होत नाही. आणि बीपीएल फाइली सिस्टिम३२ मध्ये टाकू नका. दुसऱ्या कुणाच्या सॉफ्टवेअरने त्याच नावाची फाइल तिथे टाकली की तुमचं बंद पडेल. एक्झीच्या फोल्डरमध्येच ठेवा.

डीएलएल घाईने सोडणं

काटा वाचणारा थ्रेड (बाजूला स्वतंत्र चालणारं काम) चालू असताना ‘फ्रीलायब्ररी’ने डीएलएल सोडली की थ्रेडच्या पायाखालचा कोडच नाहीसा होतो. थ्रेड फायनलायझेशनमध्ये (डीएलएल उतरताना चालणाऱ्या कोडमध्ये) थांबवू म्हटलं तर विंडोजच्या लोडर लॉकमुळे प्रोग्राम तिथेच लटकतो. डीएलएलमधून ‘बंद करा’ असं वेगळं फंक्शन द्या: त्यात थ्रेड संपवा, सीरियल पोर्ट सोडा, फॉर्म फ्री करा. ते परत आल्यावरच फ्रीलायब्ररी. एक्सेप्शनही डीएलएलच्या बाहेर जाऊ देऊ नका, नाहीतर एक्झीला नुसतं ‘एक्स्टर्नल एक्सेप्शन ईईडीएफएडीई’ दिसतं. प्रत्येक एक्सपोर्ट केलेल्या फंक्शनमध्ये ट्राय-एक्सेप्ट आणि परत एक एरर कोड.

बिघाड शोधताना

आधी प्रोसेस एक्सप्लोररमध्ये कोणती डीएलएल कोणत्या फोल्डरमधून लोड झाली ते पाहा. जुनी प्रत कुठून तरी उचललेली असते. लोडच होत नसेल आणि एरर १९३ येत असेल तर बहुतेक वेळा एक बाजू ३२-बिट आणि दुसरी ६४-बिट आहे. त्यानंतर ‘रिपोर्टमेमरीलीक्सऑनशटडाऊन’ चालू करा आणि फास्टएमएम फुल डिबग मोडमध्ये लावा. तरी सापडलं नाही तर डीएलएलचे सगळे एक्सपोर्ट कागदावर लिहून काढा आणि प्रत्येक पॅरामीटरपुढे ‘मेमरी कोणी घेतली, कोणी सोडली’ हे भरा. दोन वेगळी नावं आली त्या ओळीपासून दुरुस्ती सुरू करा.