मुंगसाच्या मागे ग्रेनाडात

लहानपणी बांधावर मुंगूस दिसलं की आम्ही त्याला रामाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगायचो. परळला बीव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, करून संशोधनासाठी कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा या बेटावर गेलो, तर तिथे त्याच मुंगसाच्या मेंदूत रेबीज शोधायचा होता!

तिथल्या सेंट जॉर्जेस विद्यापीठात पशुवैद्यकीय शिक्षण १९९९ पासून आहे. मुंगूस त्याहून बरंच जुनं आणि मूळचं आपल्याकडचं. उसातले उंदीर मारायला १८७२ मध्ये कलकत्त्याहून नऊ मुंगसं जमैकात नेली आणि तिथून त्यांची पिलावळ बेटाबेटांवर गेली. उंदीर हिंडतो रात्री, मुंगूस दिवसा. उंदीर राहिले, पक्ष्यांची अंडी गेली. ग्रेनाडात रेबीज टिकून आहे तोही मुंगसांमुळेच. आपल्या डोक्यात रेबीज म्हणजे कुत्रा, हे समीकरण इथे चालत नाही.

जाणार असाल तर रेबीजची लस आधीच टोचून घ्या आणि रक्तातल्या अँटिबॉडींची (लशीने तयार होणाऱ्या संरक्षक प्रथिनांची) तपासणी करून अहवाल सोबत ठेवा, प्रमाण ०.५ आययू (आंतरराष्ट्रीय एकक) प्रति मिलीच्या खाली असेल तर बूस्टर. मेंदूचे नमुने हाताळायचे तर यात तडजोड नाही.

प्रयोगशाळेतली फ्लोरोसंट अँटिबॉडी चाचणी, म्हणजे मेंदूच्या नमुन्यातला रेबीजचा विषाणू चमकवून दाखवणारी, आठवड्यात हातात बसते. पिंजरा लावायला शिकणं अवघड. आमिष म्हणून डब्यातले मासे, पिंजरा सावलीत, आणि दर दोन-तीन तासांनी फेरी. सुरुवातीला मी एक फेरी चुकवली. दुपारी गेलो तेव्हा ऊन सरकून पिंजऱ्यावर आलं होतं आणि आतलं मुंगूस उष्म्याने मेलेलं होतं. चूक सर्वस्वी माझी. त्यानंतर पिंजऱ्यावर ओलं गोणपाट टाकल्याशिवाय हललो नाही.

फावल्या रात्री उत्तरेला लेव्हेराच्या किनाऱ्यावर लेदरबॅक कासवांच्या कामात हात लावायला जायचो. कोकणात वेळासला ऑलिव्ह रिडले ही छोटी कासवं पाहिलेल्या माणसाला हे प्रकरण झेपत नाही: तीन-चारशे किलोचं धूड, पाठीवर कवचाऐवजी कातडं. अंडी घालताना ते गुंगीत असतं, तेवढ्यात रक्त घ्यायचं, तेही लाल विजेरीच्या उजेडात. ते रक्त देशाबाहेर तपासायला पाठवायचं तर साइटिसचे (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे) परवाने लागतात. अर्ज पहिल्याच महिन्यात टाका, नाहीतर नमुने फ्रीझरमध्येच राहतात.

आणि फ्रीझरला जनरेटर आहे ना, ते स्वतः बघून या. जून ते नोव्हेंबर वादळांचे दिवस.