ऑनलाइन प्रशिक्षणात शिकणाऱ्याला ‘तुम्ही’ म्हणावे की ‘आपण’?

सांगली जिल्ह्यातील द्राक्ष बागायतदारांसाठी एकच ऑनलाइन अभ्यासक्रम मराठी, हिंदी आणि जत तालुक्याच्या सीमाभागाचा विचार करून कन्नडमध्येही तयार करायचा असेल, तर संबोधनाचा निर्णय भाषांतराला बसण्यापूर्वी, प्रत्येक भाषेसाठी स्वतंत्रपणे घ्यावा. मूळ इंग्रजी मजकुरात एकाच सर्वनामावर भागते. आपल्याकडे ते चालत नाही.

मराठीत ‘तुम्ही’ घ्यावे. ‘तू’ म्हटले की तासगावच्या साठीतल्या बागायतदाराला ते खटकतेच, शिवाय ‘धडा संपवून तू पुढे आलास’ की ‘आलीस’ हा पेच उभा राहतो. ‘तुम्ही पुढे आलात’ हे स्त्री-पुरुष दोघांनाही चालते. ‘आपण’ आदराचे खरे, पण त्यात शिकवणाराही सामील होऊ शकतो: ‘आपण आता औषधाचे प्रमाण ठरवू’ आणि ‘आपण औषधाचे प्रमाण ठरवावे’ ही वाक्ये एकाच धड्यात आली, तर काम नेमके कोणाचे, हे कळेनासे होते. निमंत्रणपत्रिकेत ते शोभते, फवारणीच्या सूचनेत नाही.

हिंदीत मात्र ‘आप’च ठेवावे, कारण तिथले ‘तुम’ आपल्या ‘तुम्ही’सारखे दिसले तरी तितके आदरार्थी नाही. कन्नडमध्ये ‘नीनु’ (तू) ऐवजी आदरार्थी ‘नीवु’ (तुम्ही) वापरावे.

बटणे, चुकीच्या उत्तरावरचे संदेश आणि आवाजातील निवेदन बहुधा वेगवेगळ्या हातांनी लिहिले जाते, म्हणून ‘उत्तर निवडा’, ‘पुन्हा प्रयत्न करा’ अशी नमुना वाक्ये सर्वांना आधीच द्यावीत.