पीटीच्या ट्रेनिंगला निघताय? मग बॅग भरायच्या आधी हे वाचा

परवा आमच्या तालुक्याच्या शिक्षकांच्या ग्रुपवर तीन-चार जणांनी एकच विचारलं, सर पीटी आणि आरोग्याचं पाच दिवसांचं ट्रेनिंग लागलंय, सोबत काय काय घ्यायचं? प्रत्येकाला वेगळं टाईप करण्यापेक्षा म्हटलं एकदाच सविस्तर लिहून टाकू. मी शिरपूरकडचा, पीटी आणि आरोग्य दोन्ही माझ्याच गळ्यात आहे, आणि आजवर दहा-बारा ट्रेनिंग झाली असतील. त्यातली पहिली पाच-सहा तर निव्वळ सहीसाठी केली, खोटं कशाला बोलू. सकाळी पोहे, मग सही, दुपारी मागच्या रांगेत डुलकी, शेवटच्या दिवशी ग्रुप फोटो. नंतर एक प्रसंग असा झाला की रिकाम्या हातानं जाणं बंद केलं, तो पुढं सांगतोच.

आधी कागदांचं उरकतो, त्यात सांगण्यासारखं फार नाही. आदेशाच्या दोन झेरॉक्स, मुख्याध्यापकांचं कार्यमुक्तीचं पत्र, शाळेचा यूडायस नंबर म्हणजे सरकारी क्रमांक आणि स्वतःचा शालार्थ आयडी, तो पगाराच्या पोर्टलचा, मोबाईलमधे. शिक्षकांच्या सरकारी दीक्षा ॲपचं लॉगिन घरीच चालू करून बघा, तिथं हॉलमधे सगळे एकदम ओटीपी मागतात आणि नेटवर्क मान टाकतं. एसटीची तिकिटं जपून ठेवा, बिलाला लागतात, पैसे मिळतील तेव्हा मिळतील. आणि सर्टिफिकेटवर तास लिहिलेत का ते तिथल्या तिथं बघा, 2020 च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान 50 तासांच्या प्रशिक्षणाची अपेक्षा आहे, उद्या कोणी हिशोब मागितला तर तासच मोजणार.

आता खरं काम. निघायच्या आधीच्या आठवड्यात कुठलाही एक वर्ग पकडा, मी सातवी पकडतो, आणि त्या वर्गाची फिटनेस टेस्ट नव्यानं घ्या. मागच्या वर्षीचे आकडे उतरवायचे नाहीत, आपण सगळे काय करतो ते मला माहितीये. केंद्राच्या खेलो इंडियाच्या टेस्टमधे चौथी ते बारावीला बीएमआय म्हणजे उंचीच्या मानानं वजन, 50 मीटर धावणं, 600 मीटर धावणं किंवा चालणं, बसून पुढं वाकणं, 30 सेकंदात पोटाचे अर्धे कर्ल-अप, म्हणजे पाठीवर झोपून अर्धवट उठणं, आणि मुलांना पुशअप, मुलींना गुडघे टेकवून पुशअप. पहिली ते तिसरीला फक्त बीएमआय, एका पायावर तोल आणि ते प्लेट टॅपिंग, म्हणजे दोन चकत्यांवर आलटून पालटून भराभर हात मारणं. इथं दोन-तीन ठिकाणी आपण सगळे चुकतो. 600 मीटर आपण पावलांनी मोजतो, टेप लावत नाही. मी टेप लावली तेव्हा कळलं की ज्याला मी सात वर्षं 200 मीटरचा राऊंड म्हणत होतो तो 168 भरतो, म्हणजे माझी पोरं तीन राऊंड मारून जिल्ह्यात सगळ्यात फिट दिसायची, हाहा. वाकायच्या टेस्टला बॉक्स नसेल तर गावातल्या सुताराकडून फूटभर उंचीचं लाकडी खोकं ठोकून घ्या, वर शिवणकामाची टेप चिकटवा, काम भागतं. वजन घेण्याआधी काट्यावर 5 किलोची साखरेची किंवा गव्हाची पिशवी ठेवून बघा, आमचा काटा पावणेसहा दाखवत होता.

बीएमआयचं तर विचारूच नका. वजन किलोत, भागिले उंची मीटरमधे गुणिले परत उंची. 32 किलोचा पोरगा, उंची 1 मीटर 40, म्हणजे 1.40 गुणिले 1.40 बरोबर 1.96, आणि 32 भागिले 1.96 म्हणजे 16.3. आता मोठ्या माणसांच्या तक्त्यात 18.5 च्या खाली गेला की कमी वजन, म्हणून आपण बिनधास्त लाल शेरा मारतो, आणि अकरा-बारा वर्षांच्या पोराला 16.3 अगदी व्यवस्थित असतं. पोरांचा बीएमआय वय आणि मुलगा-मुलगी बघून वेगळ्या तक्त्यात बघायचा असतो. अख्खा वर्ग कुपोषित दाखवणारे रजिस्टर मी पाहिलेत, आणि एक तर माझ्याच अक्षरात आहे. ते आकडे घेऊन जा आणि ट्रेनरला समोर ठेवून विचारा, त्यातून जेवढं शिकाल तेवढं पीपीटीतून शिकणार नाही.

दुसरं, एक तास स्वतःवरच नजर ठेवा. वर्गातलं एखादं मधलं पोर निवडा, खेळात ना पुढं ना मागं असलेलं, आणि एखाद्या सहकाऱ्याला किंवा नववीच्या पोराला मोबाईलचं स्टॉपवॉच देऊन बसवा, ते पोर किती वेळ हलतंय तेवढंच मोजायला सांगा. माझा लांब उडीचा तास होता, 35 मिनिटांचा, वर्गात 58 पोरं. हजेरी, रांगा, सूचना, मग खड्ड्यात वाळू सारखी करणं. त्या पोरानं उड्या मारल्या तीन. बाकी वेळ रांगेत उभा, पुढच्याची चड्डी ओढत. हललं एकूण पाच मिनिटंसुद्धा नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते 5 ते 17 वयाच्या मुलाला दिवसाला सरासरी 60 मिनिटं दमवणारी हालचाल हवी, आणि पीटीच्या तासाला आपण पाच मिनिटं देतो. म्हणून सोबत एक डेमो तासाची तयारी करून न्या, एका बॉलवर किंवा बॉलशिवाय 60 पोरं कशी पळवायची त्याची. लंगडी, आट्यापाट्या, लगोरी, आपल्याकडे खजिना आहे, फक्त बाद झालेल्याला बाहेर बसवायचा नियम काढून टाका, बाद झाला की पाच उड्या मार आणि परत आत. लंगडीत मीच पाच गट केले आणि मैदानावर चुन्यानं पाच चौकोन आखले, एवढंच, तर तोच पोरगा पुढच्या वेळी सतरा मिनिटं हलला.

आता तो प्रसंग. सहावीतला एक पोऱ्या, पावरा आदिवासी समाजाचा, बारीकसा, रिलेला मागं राहिला म्हणून मी वैतागून दोन राऊंड मार म्हटलं. मार्चचं ऊन होतं. एक राऊंड झाल्यावर थांबला आणि म्हणाला, सर, मना पाय दुखी ऱ्हायनात. मला वाटलं नाटक, म्हटलं चालत चालत पूर्ण कर. रात्री त्याला तालुक्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं, हातपाय प्रचंड दुखत होते. सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. आणि त्याचा रिपोर्ट वर्गशिक्षकांच्या कपाटात दोन वर्षं पडून होता, आरोग्य पथक तपासून गेलं होतं, मी कधी मागितलाच नाही. पोरगा बरा झाला, आता नववीत आहे, पण तेव्हापासून मैदानावर शिक्षा म्हणून पळायला लावणं मी सोडलं आणि इतरांनीही सोडावं असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा यादीत हे ठळक लिहा: शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्यचं पथक येऊन गेलं त्याचे कागद कुठं आहेत ते शोधा. हा कार्यक्रम 2013 चा, 18 वर्षांपर्यंतच्या मुलांची जन्मजात दोष, कमतरता, आजार आणि विकासातला उशीर यासाठी तपासणी होते. पण ते कागद मैदानापर्यंत येतात का? नंदुरबार, शिरपूर, साक्री, चोपडा, यावल, रावेर, जिथं जिथं सातपुड्याकडची किंवा आदिवासी पोरं आहेत तिथं सिकलसेल विचारायलाच हवा. केंद्राचं सिकलसेल मिशन 1 जुलै 2023 ला मध्य प्रदेशातल्या शहडोलहून सुरू झालं, 2047 चं टार्गेट आहे, पण आपल्याला रोजच्या कामापुरतं एवढं कळलं तरी बस: या आजारात रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि पाणी कमी पडलं, अति दमछाक झाली, थंडी वाजली की दुखणं उसळतं. अशा पोराला कायमचं बाकावर बसवायचं नाही, खेळू द्यायचं, पण मधे मधे थांबवून, पाणी पाजून, पावसात भिजवायचं नाही, आणि ताप आला तर उद्या बघू म्हणायचं नाही. जो फक्त वाहक आहे, म्हणजे दोष एकाच पालकाकडून आलाय, तो बहुतेक धडधाकट असतो, तरी उन्हात त्याला फरफटवू नका. नावं मात्र वर्गात मोठ्यानं वाचू नका. मी वहीच्या मागच्या पानावर रोल नंबर लिहितो आणि शेजारी फक्त एक टिंब. त्याच पानावर दमा, फिट, हृदयाचं काही, असलेल्यांचेही नंबर. ट्रेनिंगला आरोग्य विभागाचे डॉक्टर येतातच एका सेशनला, त्यांना विचारायचे प्रश्न आधीच लिहून न्या. मी विचारला होता की सिकलसेलवाल्या पोराला ती लोहाची आठवड्याची निळी गोळी द्यायची का, डॉक्टर म्हणाले आपल्या मनानं नाही, त्याच्या डॉक्टरांना विचारून. बाकी पोरांना गोळी जेवणानंतर, उपाशीपोटी नाही आणि चहाबरोबर तर नाहीच, हे तुम्हाला माहीत असेलच.

फर्स्ट एडचं. शाळेतली पेटी उघडून बघा, मी पाहिलेल्या बहुतेक पेट्यांत एक सुकलेलं आयोडीन, दोन पट्ट्या आणि पाल असते. तारीख गेलेलं काढा, काय कमी आहे ते लिहा, आणि सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलं तर छाती दाबून श्वास देणं, आधी उशीवर करून बघा म्हणजे तिथं पुतळ्यावर हात चालतो. 30 दाब, 2 श्वास, मिनिटाला 100 ते 120 च्या वेगानं, साधारण 5 सेंमी खोल. एका माणसानं लगेच 108 ला फोन लावायचा. आणि तुमच्या गावातल्या चुकीच्या समजुतींची यादी न्या, हे मी मनापासून सांगतो. फिट आली की कांदा नाहीतर चप्पल नाकाला, आमच्याकडे आजही. काही लावायचं नाही, तोंडात चमचा घालायचा नाही, आजूबाजूचे दगड बाजूला करा, कुशीवर वळवा, घड्याळ बघा, पाच मिनिटांवर गेली तर गाडी बोलवा. साप चावला तर करकचून दोरी बांधायची नाही, चिरायचं नाही, चावलेला भाग हलू द्यायचा नाही आणि सरळ दवाखाना. ऊन लागणं तर आपलं घरचंच, मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा 45 च्या पुढं जातो, तेव्हा ओआरएसचं पाकीट अर्ध्या ग्लासात कालवणारे शिक्षक बघितले की डोकं फिरतं, मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच.

मुलींचं. आपण पुरुष मास्तर इथं अंग चोरतो. पोटात दुखतंय म्हणून बसलेल्या मुलीला मी पूर्वी कायले नाटक करती असंही बोललोय. जायच्या आधी शाळेतल्या मॅडमशी बसून बोला, पॅड कुठं ठेवतात, बदलायला जागा आहे का, मुली खेळाच्या तासाला काय अडचण सांगतात, हे मॅडमच्या शब्दात लिहून न्या. आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतून दोन शिक्षक आरोग्यदूत असतात, शक्यतो एक पुरुष एक बाई, ते याच्यासाठीच. त्यात 11 विषय आहेत, पोषण-स्वच्छतेपासून मनाचं आरोग्य, व्यसन, इंटरनेटचा सुरक्षित वापर असे. सगळे वाचत बसू नका, तुमच्या शाळेला जो सगळ्यात टोचतो तो एक नीट वाचून जा. माझ्या शाळेला टोचतो तो गुटखा. शाळेपासून 100 यार्डाच्या आत तंबाखूची विक्री चालत नाही असा 2003 चा कायदा आहे, मी टेप घेऊन मोजलं, दोन टपऱ्या आत. पुढचं काय करायचं हे ट्रेनिंगमधे विचारलं तेव्हा हॉलमधे सगळे खाली बघायला लागले, अर्ध्यांच्या खिशात पुडी होती.

पॉक्सोचं, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याचं सेशन असेल तर झोपू नका. माहिती कळूनही न कळवणं हा गुन्हा आहे, आणि जिम्नॅस्टिकला आधार देताना कुठं धरायचं, विचारून धरायचं, दुसरं कोणी समोर असताना धरायचं, हे आपल्या पीटीवाल्यांनाच सगळ्यात जास्त लागतं. 1098 हा मुलांच्या मदतीचा नंबर पोरांना पाठ आहे का ते आधी वर्गात विचारून जा.

बॅगेचं पटकन. दोन ट्रॅकपँट, वापरात असलेले बूट, नवीन नको, पहिल्याच दिवशी फोड येतो. टोपी, मोठा रुमाल, शिट्टी, दोन लिटरची बाटली, ओडोमॉस. जेवण तिथं असतं पण संध्याकाळच्या शेवभाजीनंतर सकाळी सहाला ग्राउंडवर काय होतं ते अनुभवी लोकांना विचारा. मी कळण्याच्या भाकरी आणि ठेचा नेतो, दोन दिवस टिकतात, आणि त्या जोरावर माझ्या खोलीत चार तालुक्यांची मैत्री झालीये.

शेवटचं एक, जे मी स्वतः दोनदा विसरलो. खेळाच्या खोलीची किल्ली शाळेत कोणाकडे तरी देऊन निघा. मी किल्ली खिशात घेऊन गेलो होतो, पाच दिवस पोरं कुलपासमोर उभी, आणि मी तिकडे हॉलमधे खेळाचं महत्त्व लिहून घेत होतो.