पावसाआधी औषधाच्या अर्ध्या बाटल्या बाहेर काढा

मुंबईत पाऊस लागतो तो साधारण ११ जूनच्या आसपास. त्याआधी गच्ची-बाल्कनीतली बाग आवरायला घेतली की कुंड्यांमागून कीडनाशक औषधाच्या अर्ध्यामुर्ध्या बाटल्या निघतातच. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसला म्हणून आणलेल्या, दोनदा फवारून विसरलेल्या.

आधी मुदत बघा. शिल्लक असेल तर बागवाल्या शेजाऱ्याला द्या, पण मूळ बाटलीत, लेबलासकट. मी एकदा उरलेलं औषध पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलं होतं. पाहुण्यांच्या पोराने ती उचलली. बूच घट्ट होतं म्हणून निभावलं.

मुदत संपलेलं औषध मोरीत किंवा सोसायटीच्या गटारात ओतू नका. पावसाळी गटाराचं पाणी नाल्यातून मिठीसारख्या नदीत, तिथून खाडीत जातं. सायपरमेथ्रीनसारखं औषध माशांना अगदी थोडं पुरतं. डासांच्या अळ्या खायला सोडलेले गप्पीही त्यातच मरतात. खताच्या पिंपातही नको, तेच पुढे मेथीच्या वाफ्यात येणार.

बाटली रिकामी झाली तर पाव बाटली पाणी घाला, बूच लावून अर्धा मिनिट खळखळवा, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओता. असं तीनदा. मग बाटलीला भोकं पाडा, म्हणजे कुणी तेल भरायला नेणार नाही. १९७१ चे कीटकनाशक नियम सांगतात, डबे फोडून वस्तीपासून दूर पुरा. आता मुंबईत वस्तीपासून दूर म्हणजे कुठे? गोराई-मनोरीत जागा आहे, पण विहिरीही आहेत. त्यापेक्षा घनकचरा नियमांनी सांगितलेली वाट बरी: कीटकनाशकांचे डबे, ट्यूबलाइट, बॅटऱ्या, आजारपणातली जुनी औषधं ओल्या-सुक्यात न मिसळता वेगळी ठेवायची. मुदत संपलेली बाटली बूच घट्ट करून दुहेरी पिशवीत बांधा, वर 'विषारी' लिहा. ती कुठे द्यायची हे वॉर्ड ऑफिसच्या घनकचरा खात्याला किंवा पालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर विचारा. गाडीवर देणार असाल तर कामगाराच्या हातात सांगून द्या. तो बिचारा उघड्या हातांनी कचरा चाळतो.

आणि ते निळे ड्रम. भंगारातून आणून, अर्धे कापून त्यात भाजी लावायची आपल्याकडे पद्धतच आहे. आधी त्यात काय होतं ते विचारा. विकणाऱ्याला सांगता येत नसेल, किंवा उन्हात तासभर ठेवल्यावर झाकणाखालून उग्र वास आला, तर घेऊ नका. प्लास्टिकने शोषलेलं धुऊन निघत नाही.