स्वाक्षरी असलेले जुने पुस्तक घेताना

दुर्गम ग्रामीण भागातील जीवनावरचे जुने पुस्तक लेखकाच्या सहीसह मिळत असेल, तर प्रथम ती सही छापील नाही ना, हे भिंगातून पाहावे. छापील सहीत बहुधा बारीक ठिपक्यांची जाळी दिसते, तर खऱ्या सहीत शाई कागदाच्या तंतूंत मुरलेली असते आणि रेघा एकमेकींना छेदतात तिथे ती गडद होते. बॉलपेनची सही असल्यास पानाच्या मागील बाजूस बोट फिरवून दाब जाणवतो का, तेही तपासावे. सहीखाली १९३५ अशी तारीख असून ती बॉलपेनने केलेली असेल तर खुशाल संशय घ्यावा, कारण ही पेने १९४०च्या दशकातच बाजारात आली.

अशा पुस्तकांतील घडीचे नकाशे आणि छायाचित्रांची पाने अनेकदा फाडून नेलेली असतात, म्हणून ती चित्रसूचीशी ताडून पाहावीत. अर्पणाच्या ओळी असल्या तर नाक मुरडू नये. पुस्तकात उल्लेख असलेल्या एखाद्या शेजाऱ्यालाच ती प्रत भेट दिलेली निघाली, तर माझ्या मते नुसत्या सहीपेक्षा तिचे मोल अधिक. विकत घेतल्यावर सहीच्या पानाला चिकटपट्टी मुळीच लावू नये आणि पुस्तक उन्हापासून व दमटपणापासून दूर, उभे ठेवावे.